बदाम, माजघर आणि पाणघोडा

मेंदूच्या भागांची नावं कुणा एका माणसाने ठेवलेली नाहीत. ग्रीक वैद्य, अरबीत लिहिणारे इराणी हकीम, त्यांची लॅटिन भाषांतरं करणारे, बोलोन्यातले शवविच्छेदक आणि जर्मन प्राध्यापक अशा अनेकांनी दोन हजार वर्षं त्यात भर घातली. एकाने ठेवलेलं नाव दुसऱ्याने खोडलं, तिसऱ्याने शेजारच्या भागाला चिकटवलं. भाषांतरात बिघडलेली काही नावं तशीच रूढ झाली. १८९५ साली बाझल इथे शरीररचनातज्ज्ञांनी संपूर्ण शरीराच्या नावांची साफसफाई केली, तेव्हा सुमारे पन्नास हजार नावांतून पाचेक हजार उरली. साहित्याच्या अभ्यासकाला ही कहाणी ओळखीची वाटेल. पाठभेद, प्रक्षेप, संहितानिश्चिती, सगळं यात आहे. ही नामावली मला एखाद्या बहुकर्तृक ग्रंथासारखी वाचायची आहे आणि आपल्या भाषांनी तिचं जे भाषांतर केलं, त्याबद्दल काही म्हणायचं आहे.

निमित्त भाषांतराचंच होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी लिहिलेली एक इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणत होते. अंघोळ, जेवण, रात्रीची घालमेल, घराबाहेर निघून जाणं ही प्रकरणं आपल्या रोजच्या भाषेत सहज उतरली. अडले ते मेंदूच्या चित्रापाशी. सोबत पारिभाषिक शब्दांची यादी होती. त्यात काही नावांना संस्कृत प्रतिशब्द होते, काहींपुढे देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी होतं. यादी चुकीची नव्हती. पण ती हातात धरून चित्राकडे पाहिलं, तर कुठला शब्द कुठे बसतो याचा काही बोध होत नव्हता. शब्द चित्राकडे बोट दाखवत नव्हते. हा दोष शब्दांचा की माझ्या अज्ञानाचा, हे ठरवायला मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात जाऊन काही दुपारी खरा मेंदू पाहत बसले.

फॉर्मलिनमध्ये मुरलेला मेंदू पुस्तकातल्यासारखा गुलाबी, निळा, हिरवा नसतो. तो सगळीकडे सारखाच पिवळट राखाडी दिसतो. रंग मदतीला येत नाही आणि सीमारेषा आखलेल्या नसतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांची यावर एक परीक्षा असते, तिला ते 'स्पॉटर्स' म्हणतात. टेबलांवर नमुने मांडलेले असतात, प्रत्येकात एक टाचणी किंवा छोटं निशाण खोचलेलं असतं. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं आणि घटकाभरात नाव लिहायचं. मला मेंदू दाखवणाऱ्या तरुण शिक्षकाने पहिल्या दिवशी एकच काम दिलं: मधली भेग शोधा. भेगा मोजू नका, म्हणाला. बहुतेक भेगा मध्येच तुटतात, एकमेकींत मिसळतात. दोन समांतर वळ्यांच्या मधून, फारशी न तुटता जाणारी आणि वरच्या कडेवरून किंचित आतल्या बाजूला उतरणारी, ती मधली. म्हणजे भेग तिच्या स्वतःच्या रूपावरून ओळखायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंना कोण आहे यावरून ओळखायची. शिवाय दर मेंदूत ती थोडी वेगळी असते, एकाच मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंनाही वेगळी.

ही भेग आणि तिच्या शेजारच्या वळ्या कवटी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होत्या. तरी कित्येक शतकं त्या कुणी नीट काढल्या नाहीत. ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटसने मेंदूच्या वळ्यांना लहान आतड्याच्या वेटोळ्यांची उपमा दिली होती. पुढच्या चित्रकारांनी ती उपमाच चितारली. मेंदूची जागा आली की हाताला येतील तशी वेटोळी भरायची. या वळ्यांना नेमकी रचना आहे, त्या दर मेंदूत साधारण त्याच जागी सापडतात, हे एकोणिसाव्या शतकात ठरलं. इटलीच्या रोलांडोने त्या नीट काढल्या आणि १८३९ मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ ल्यूरेने मधल्या भेगेला रोलांडोचं नाव दिलं. आधी उपमेने डोळे झाकले, मग नावाने उघडले. उपमा आणि नाव यांतलं हे नातं या सगळ्या नामावलीत पुन्हा पुन्हा भेटतं.

मेंदूभोवतीच्या पडद्यांची गोष्ट कुठल्याही भाषांतरकाराने पाठ करून ठेवावी अशी आहे. ग्रीकांनी त्यांना साधी नावं दिली होती: जाड पडदा आणि पातळ पडदा. ती अरबीत गेली. अरबीत एका वस्तूचं दुसरीशी असलेलं नातं सांगायला 'बाप', 'आई' हे शब्द सर्रास वापरतात. मेंदूला वेढून, पोसून असणारा पडदा म्हणून तो 'उम्म', मेंदूची आई. एक जाड आई, एक पातळ आई. दहाव्या शतकातला इराणी वैद्य अली इब्न अल-अब्बास अल-मजूसी याचा मोठा ग्रंथ ११२७ च्या सुमारास अँटिऑकच्या स्टीफनने लॅटिनमध्ये आणला. त्याने नातं शब्दशः ठेवलं: माटेर. जाडीसाठी 'ड्युरा', कठीण. पण पातळ या अर्थाच्या 'रकीका'साठी त्याने 'पिया' शब्द घेतला. पिया म्हणजे श्रद्धाळू, मायाळू. पातळ आई लॅटिनमध्ये मायाळू आई झाली. 'रकीक'मध्ये नाजूक, हळव्या मनाचा अशीही छटा आहे, तेव्हा स्टीफन अगदीच भलतीकडे गेला नव्हता. दोन अर्थांपैकी पडद्याला शोभणारा सोडून त्याने आईला शोभणारा उचलला, इतकंच. भाषांतर करणाऱ्या कुणालाही हा मोह ठाऊक असतो. रूपक एकदा घरात घेतलं की पुढचा शब्द रूपकच निवडतं.

पुढे शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये 'पिया माटेर' हा शब्द थेट बुद्धीसाठी येतो. आणि आजच्या अरबी वैद्यकात या पडद्याचं नाव आहे 'अल-उम्म अल-हनून', म्हणजे कनवाळू आई. पातळ आई लॅटिनमध्ये जाऊन मायाळू झाली आणि तशीच माहेरी परतली. मूळ शब्द अरबीत असूनही अरबीने परत आलेला अर्थ स्वीकारला. मूळाशी निष्ठा म्हणजे नेमकी कशाशी, या प्रश्नावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य घ्यावं.

आपल्याकडे काय झालं? हिंदीची शासकीय परिभाषा म्हणते दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका. 'तन्', ताणणे, यावरून तानिका. आई गेली, ताणलेला पडदा आला. कोळ्याचं जाळं मात्र राहिलं, कारण ते दिसतं. 'मृदू' हा शब्द मला फार आवडतो. त्याने 'पिया'मधली माया टाकली, पण स्पर्श ठेवला आणि न कळत अरबी 'रकीका'च्या जवळ पोचला. परिभाषाकारांवर आपण सतत हसतो. म्हणून आधी सांगते की इथे त्यांनी लॅटिनच्या भाषांतरकारापेक्षा चांगलं काम केलं आहे.

माझी तक्रार पुढे सुरू होते. मेंदूच्या पायथ्याशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबते. वेसालिअसच्या १५४३ च्या ग्रंथातलं तिचं वर्णन आहे मेंदूतला कफ झेलणारी ग्रंथी. मेंदूतून कफ गाळून नाकावाटे खाली येतो, ही त्या काळची समजूत. कफाला लॅटिनमध्ये 'पिट्युइटा', म्हणून पिट्युटरी. सतराव्या शतकात ही समजूत खोटी ठरली, नाव मात्र टिकलं. आपल्या परिभाषाकारांनी हे कफाचं नाव घेतलं नाही, ते ठीकच. हिंदीत ती झाली पीयूष ग्रंथी, मराठी शाळांत पियुषिका, मराठी विश्वकोशात पोष ग्रंथी. शेंबडातून थेट अमृत! विज्ञानाच्या परिभाषेतली एवढी मोठी बढती मला दुसरी माहीत नाही. पण ही बढती कशाच्या जोरावर? ग्रंथीतून शरीराची वाढ घडवणारी संप्रेरकं येतात, या विसाव्या शतकातल्या ज्ञानाच्या जोरावर. म्हणजे युरोपने एका जुन्या सिद्धांतावरून नाव ठेवलं, आपण एका नव्या सिद्धांतावरून. ती कुठे आहे, कशी दिसते, हे दोन्ही नावं सांगत नाहीत.

हेच थॅलॅमसचं. ग्रीकमध्ये थालामोस म्हणजे घराची आतली खोली, नवदांपत्याचं शयनगृह. हिंदी परिभाषा म्हणते 'चेतक', आणि त्याखालच्या भागाला 'अधश्चेतक'. चेतना जागी करणारा तो चेतक. कार्य म्हणून हे अगदी चूक नाही. पण हिंदी किंवा मराठी कानाला चेतक म्हटलं की आधी महाराणा प्रतापांचा घोडा आठवतो, मग बजाजची स्कूटर. खोली गेली ती गेलीच. मराठीत या खोलीसाठी शब्द नव्हता असं नाही. जुन्या घराच्या ओटी-पडवीच्या आत, स्वयंपाकघराच्या अलीकडे, जिथून घरातली सगळी ये-जा होते ते माजघर. वास सोडला तर बाहेरून येणारी जवळजवळ प्रत्येक संवेदना थॅलॅमसमधून पुढे जाते. परिभाषेत माजघर चालणार नाही, विद्यापीठातले लोक हसतील, हे मला कळतं. पण समजावून सांगताना तरी?

इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट नोंदवायला हवी. थॅलॅमसमध्ये खोली नाही. ते करड्या द्रव्याचे अंड्याच्या आकाराचे दोन भरीव गोळे आहेत, पोकळी त्यांच्या मध्ये आहे. गॅलनने ज्याला थालामोस म्हटलं ती जागा बहुधा वेगळी होती आणि नाव शतकांच्या ओघात शेजारी सरकलं. म्हणजे दिसण्यावरून ठेवलेली नावंही खोटं बोलतात. पण त्यांचं खोटं टेबलावर पकडता येतं. विद्यार्थी गोळा कापतो आणि विचारतो, यात खोली कुठे? 'चेतक'ला असा प्रश्न विचारायला सुरीचा उपयोग नाही.

पुस्तिकेत सर्वांत महत्त्वाचा शब्द होता हिप्पोकॅम्पस, कारण अल्झायमरमध्ये जे भाग सर्वांत आधी आक्रसू लागतात त्यांत हा येतो. घरोघरी एमआरआयच्या अहवालात हा शब्द येऊन पडतो आणि कुणीतरी मुलगी किंवा सून तो मोबाइलवर शोधत बसते. बोलोन्याच्या अरांझीने १५८७ मध्ये हे नाव दिलं. कानशिलाच्या बाजूच्या पोकळीचा मजला उघडला की त्यावर पांढरी, वळलेली, एका टोकाला जाडसर अशी एक उंचवट्याची रेघ पहुडलेली दिसते. अरांझी म्हणाला, हा समुद्रघोडा, किंवा त्यापेक्षा पांढरा रेशीमकिडा म्हणा. सोबत चित्र दिलं नाही. समुद्रघोडा म्हणजे तो इवलासा मासा की पुराणातला पुढून घोडा, मागून मासा असा प्राणी, यावर नंतरच्यांत एकमत नाही. तो मेंदू माझ्यासमोर उघडला गेला तेव्हा मला विचाराल तर रेशीमकिडाच दिसला. पण मान दुसऱ्या नावाला मिळाला.

त्यानंतरची गंमत अशी की १७७९ मध्ये मायर नावाच्या जर्मन शरीररचनाकाराने 'हिप्पोकॅम्पस'च्या जागी 'हिप्पोपोटॅमस' लिहिलं आणि काही काळ इतरही त्याच्यामागून तेच लिहीत राहिले. मराठी भाषांतरकाराने यावर फार हसू नये. आपल्याकडे एक समुद्रघोडा आहे, दुसरा पाणघोडा, आणि मुद्रितशोधनाच्या घाईत पाणघोडा कुणाच्याही मेंदूत शिरू शकतो.

आडवा छेद घेतला तर हाच भाग मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला दिसतो. म्हणून अठराव्या शतकात त्याला इजिप्तच्या मेंढशिंगी देवावरून 'अमोनचं शिंग' असं नाव मिळालं. १९३४ मध्ये लोरेंते दे नो याने त्या शिंगाचे चार विभाग पाडले आणि लॅटिन नावाची आद्याक्षरं घेऊन त्यांना सीए-१ ते सीए-४ म्हटलं. आजच्या कुठल्याही शोधनिबंधात सीए-१ मधल्या पेशी मरतात असं वाचताना आपण एका विसरलेल्या देवाचं नाव वाचत असतो. रूपक आद्याक्षरांत गोठलं की कुणालाच त्रास देत नाही, हे मला जरा खटकतं.

या भागाच्या शेजारच्या पोकळीत आणखी एक छोटा उंचवटा आहे, कोंबड्याच्या पायाच्या मागच्या काट्यासारखा. त्याला पूर्वी 'धाकटा हिप्पोकॅम्पस' म्हणत. १८५७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितलं की हा उंचवटा फक्त माणसाच्या मेंदूत असतो, वानरांत नसतो, म्हणून माणूस वेगळ्या उपवर्गातला. टी. एच. हक्सलीने आणि त्याच्या बाजूच्यांनी वानरांचे मेंदू उघडून तो दाखवून दिला. वाद वर्षानुवर्षं चालला. १८६३ च्या 'द वॉटर-बेबीज' या मुलांच्या कादंबरीत चार्ल्स किंग्जलीने त्याची टर उडवली, तीही हिप्पोकॅम्पसचा पुन्हा हिप्पोपोटॅमस करून. मुलांनी ती विनोद म्हणून वाचली. पण डार्विनचं पुस्तक नुकतंच आलेलं असताना माणूस आणि वानर यांच्यातली सीमा एका काट्याएवढ्या उंचवट्यावर उभी केली जात होती, आणि ओवेनसारख्या जाणत्या शरीररचनाकाराला वानरात तो दिसत नव्हता. ओळखणं हे नुसतं डोळ्यांचं काम नसतं. काय सापडायला नको, हे आधीच ठरलेलं असलं की टाचणी नेमकी तिथे टोचली जात नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. अरांझीने १५८७ मध्ये नाव ठेवलं. हा भाग स्मृतीशी जोडलेला आहे हे ठामपणे पुढे आलं १९५७ मध्ये, जेव्हा स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंचा हा भाग काढल्यावर त्या माणसाला नव्या आठवणी साठवता येईनात. मध्ये गेली ३७० वर्षं. या काळात कार्यावरून नाव ठेवायची कुणाला हौस आली असती तर ते 'गंधक' किंवा 'घ्राणिका' असं काहीतरी झालं असतं, कारण विसाव्या शतकातही हा भाग वास घेण्याशी जोडला जाई. ते नाव आज आपल्याला कफाच्या ग्रंथीसारखं ओझं झालं असतं. समुद्रघोड्याने कसलाच दावा केला नाही म्हणून तो सगळ्या सिद्धांतांना पुरून उरला. संस्कृत धातूंतून कार्य सांगणारे शब्द घडवण्याची आपल्या परिभाषाकारांची जी ओढ आहे, तिच्याविरुद्ध याहून बळकट पुरावा मला सापडलेला नाही. धातूपासून शब्द घडवायचा तर क्रिया लागते आणि क्रिया म्हणजे सिद्धांत आला. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल. मराठीत ते झालं बाह्यक, हिंदीत कुठे प्रांतस्था, कुठे वल्कुट. यांतल्या 'वल्कुट'मध्ये निदान वल्कल ऐकू येतं. 'साल' हा शब्द केळ्यालाही लागतो आणि बाभळीलाही, म्हणून तो हलका ठरला असावा.

दुसरं टोक म्हणजे काहीच भाषांतर न करणं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळमध्ये हिंदीतून वैद्यकीय शिक्षणाची पहिली पाठ्यपुस्तकं प्रकाशित झाली, त्यांत शरीररचनेचंही होतं. त्यांत बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच, फक्त देवनागरीत. विद्यार्थ्याला पुढे जगभरचं वाङ्मय वाचायचं आहे, तेव्हा हा निर्णय व्यवहार्य आहे. मला त्याची चीड नाही. पण 'अमिग्डाला' असं देवनागरीत लिहिलं म्हणजे तो शब्द आपल्या भाषेत आला असं समजू नये. त्यातला बदाम तिकडेच राहिला.

बदामावर मला थोडं थांबायचं आहे. अमिग्डाला म्हणजे ग्रीकमध्ये बदाम. हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकापाशी असलेल्या करड्या पुंजक्याला बुर्डाख या जर्मन शरीररचनाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव दिलं. त्याचा बदाम आजच्या अमिग्डालाचा फक्त एक हिस्सा होता. पुढच्यांनी आजूबाजूची केंद्रकं त्यात ओढली आणि आता पूर्ण अमिग्डालाला बदाम म्हणणं डोळ्यांना पटत नाही. हा भाग भीतीशी आणि भावनांच्या जोराशी जोडलेला आहे, हे बुर्डाखला माहीत असण्याचं कारण नव्हतं. इथे मराठी भाषा एक अशी गोष्ट करते जी ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांपैकी कुणाला जमत नाही. पत्त्यांतलं लाल हृदय मराठीत बदाम आहे. आपण बदामाची राणी म्हणतो, बदाम सात खेळतो, आणि शाळेच्या बाकावर पोरं बाणाने भोसकलेलं जे काढतात त्यालाही बदामच म्हणतात. म्हणजे मराठी वाचकाला 'मेंदूतला बदाम' म्हटलं की आकारही मिळतो आणि प्रेम-भय-धडधडीचा सगळा प्रदेशही, तोही बुर्डाखच्या अजाणतेपणाला धक्का न लावता. पुस्तिकेत मी 'अमिग्डाला' ठेवलं आणि पहिल्याच उल्लेखात 'म्हणजे बदाम' असं लिहिलं. हिप्पोकॅम्पसला 'रेशीमकिड्यासारखा वळलेला भाग' म्हटलं. संपादकांनी विचारलं, समुद्रघोडा का नाही? मी म्हटलं, अरांझीचा दुसरा पर्याय आहे, आणि रेशीमकिडा आमच्या वाचकाने पाहिलेला असण्याची शक्यता जास्त आहे.

नाव आणि चित्र यांची ताटातूट कशी टाळता येते याचं सर्वांत चांगलं उदाहरण 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'. हेन्री ग्रेचं हे पुस्तक १८५८ मध्ये निघालं. त्याची चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरची, पहिल्या आवृत्तीत ३६३. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत भागांवर अ, ब, क किंवा १, २, ३ असत आणि खाली सूची. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून सूचीकडे आणि परत, अशी सतत हेलपाटे घालायची. कार्टरच्या चित्रांत नाव त्या त्या भागावरच, त्याच्या वळणाने छापलेलं आहे. धमनी जिकडे वळते तिकडे अक्षरंही वळतात. स्पॉटर्सच्या परीक्षेत एखाद्या मुलाच्या डोळ्यांसमोर जे पान उभं राहतं ते याच बळावर. याची ओळख पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोधू नका. मुद्रितावर ग्रेने स्वतः कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला सांगितला होता. भाषांतरकाराला हेही ओळखीचं वाटेल. पुस्तक निघालं तेव्हा कार्टर मुंबईत पोचलेला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना शिकवली, पुढची तीस वर्षं हिंदुस्थानात घालवली आणि कुष्ठरोग व मदुरा फूट या रोगांवर महत्त्वाचं काम केलं. ग्रे १८६१ मध्ये देवीने वारला, वय अवघं चौतीस. तेव्हा ज्याच्या चित्रांवरून जग शरीर वाचायला शिकलं, तो माणूस भायखळ्यात शिकवत होता. मराठीतल्या एकाही शरीरशास्त्राच्या पुस्तकात मला ही तळटीप भेटलेली नाही.

रूपकांचा कंटाळा येऊन कोर्बिनिअन ब्रोडमानने १९०९ मध्ये सगळंच आकड्यांवर आणलं. सालीच्या पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने क्षेत्रांना ५२ पर्यंत क्रमांक दिले. ४ म्हणजे हालचाल, १७ म्हणजे दृष्टी, ४४ आणि ४५ म्हणजे बोलणं. काही क्रमांक माणसाच्या नकाशात सापडतच नाहीत. ती क्षेत्रं त्याने इतर सस्तन प्राण्यांत पाहिली होती. त्याच्या पुस्तकाच्या नावातला पहिला शब्दच 'तुलनात्मक' आहे, तेव्हा आमच्या विषयाचा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. पण आकडे लक्षात ठेवायला विद्यार्थी पुन्हा गोष्टीच रचतात.

आजचे रेडिओलॉजिस्ट तर रूपकांत न्हाऊन निघालेले आहेत. एमआरआयमध्ये मध्यमस्तिष्काचा आडवा छेद त्यांना मिकी माऊस दिसतो. विल्सनच्या आजारात पांडाचा चेहरा, एका आजारात गुड फ्रायडेचा हॉट क्रॉस बन, दुसऱ्यात हमिंगबर्ड. हमिंगबर्ड आपल्याकडे नसतो. लांब वाकड्या चोचीचा शिंजीर अंगणात असतो. कुणी मराठी डॉक्टर मनातल्या मनात शिंजीर म्हणत असेल का, मला जाणून घ्यायला आवडेल.

आणि हे सगळं कठीण केलेल्या मेंदूबद्दल. ताजा मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवला की स्वतःच्या वजनाने पसरतो. फॉर्मलिनचा वापर सुरू झाला तो १८९० च्या दशकात. सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंचीने थर थर घासत अवयव पाहायचे, अशी रीत सांगितली आहे. त्या रीतीत मेंदूच्या वळ्या कितपत उरतील? आयुर्वेदात मेंदूच्या द्रव्याला शब्द आहे मस्तुलुंग, आणि टीकाकार त्याला तुपाची उपमा देतात. भाग नाहीत, भेगा नाहीत, फक्त एक स्निग्ध द्रव्य. ही अडाणी उपमा आहे असं मला आधी सांगितलं गेलं होतं. ताज्या मेंदूला हात लावलेल्यांनी मात्र ती अचूक असल्याचं सांगितलं. भेगा मोजणारी नामावली आणि तूप म्हणणारी परंपरा यांनी दोन वेगवेगळे मेंदू पाहिले होते.

यादीतला मला सर्वांत चांगला वाटलेला शब्द होता कृष्णद्रव्य, लॅटिन 'सब्स्टान्शिया नायग्रा'चा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव आलं. मध्यमस्तिष्क आडवं कापलं की दोन्ही बाजूंना एकेक काळी कोर दिसते. साऱ्या पिवळट राखाडीत डोळ्यांना आपणहून दिसणारी जवळजवळ हीच एक गोष्ट. नाव दिसण्यावरून, भाषांतर नेमकं, तक्रार करायला जागा नाही. पण हे नाव सगळ्या मेंदूंना लागू पडत नाही. नवजात बाळात हा काळा रंग नसतो, तो वयाबरोबर साचत जातो. पार्किन्सनच्या रुग्णात या पेशी मरतात आणि कोर फिकट होते. हे १९१९ मध्ये पॅरिसमध्ये त्रेत्याकोफने आपल्या प्रबंधात दाखवलं. शरीररचना विभागात दोन छेद शेजारी शेजारी ठेवलेले होते. एकात काळी रेघ स्वच्छ, दुसऱ्यात ती असायला हवी तिथे शेजारच्याच रंगाचा पट्टा. दोन्हींत एकेक टाचणी टोचलेली होती, आणि दोन्हींचं उत्तर एकच लिहायचं होतं.